दोन घरांच्या गोळ्या

आम्हा दोघा भावांत आईचे महिने वाटलेले होते. वाटणी म्हणायला बरं वाटत नाही, पण याला दुसरा शब्द नाही. दादा लातूरला, मी नांदेडला. वडील गेल्यावर आईनेच हे ठरवलं. एप्रिलमधली जयंती झाली की ती लातूरला जायची आणि दसरा झाला की नांदेडला यायची. दोन्ही गावांत एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि अहमदपूर साधारण मध्यावर पडतं. दादा तिला तिथपर्यंत आणायचा, मी इकडून तिथपर्यंत जायचो. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं चहा घ्यायचो, मग पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या.

"माल तपासून घे बाबा," आई म्हणायची. "मागून तक्रार चालणार न्हाई."

दादा म्हणायचा, "वजन वाढवून पाठवतोय. तिकडं घटलं तर जबाबदार तू."

या वाटणीचा एक नियम होता. तोही आईचाच. पहिल्याच वर्षी ती लातूरला सहज बोलून गेली होती की नांदेडची धाकटी रोज ताकात भाकर कुस्करून देते, दात नसलेल्या माणसाला बरं पडतं. वहिनींना ते लागलं. सासूला आपण कडक भाकर घालतो असं गावभर झालं, असं त्यांना वाटलं. पुढे माझी बायको आणि वहिनी फोनवर बोलेनाशा झाल्या. आईने तेव्हा जे तोंड बंद केलं ते कायमचं. या घरचं त्या घरात न्यायचं नाही. कुणी काय दिलं, काय खाल्लं, कोण काय बोललं, काहीच नाही. अहमदपूर ओलांडलं की मागचं घर तिच्यापुरतं मिटायचं. नातेवाईक तिचं कौतुक करायचे. आमच्या एका चुलतीने तर स्वतःच्या सुनांना सांगितलं होतं, सासू असावी तर अशी, दोन घरांत राहून एक काडी इकडची तिकडे केली नाही.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, नांदेडच्या पाळीत, आईला हृदयविकाराचा झटका आला. एक स्टेंट बसला. दादा-वहिनी धावून आले, सगळं सगळ्यांसमोर झालं. घरी सोडताना हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या. पहिलं वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, त्यानंतर त्यातली एकच, अ‍ॅस्पिरिन, पंचाहत्तर मिलिग्रॅम, रोज दुपारी जेवणानंतर, जन्मभर. शिवाय सकाळी उपाशीपोटी एक अ‍ॅसिडची गोळी. बीपीची जुनी गोळी होतीच. मी कृषी खात्यात पीक कापणी प्रयोगांचे आकडे तपासायचं काम करतो. एका प्लॉटचं वजन चुकलं तर अख्ख्या महसूल मंडळाचं उत्पादन चुकतं, हे मी रोज बघतो. त्यामुळे आईच्या गोळ्या मी चोख ठेवल्या. लातूरला जाताना सहा महिन्यांचा साठा एका डब्यात भरून द्यायचो आणि ती परत आली की रिकामी पाकिटं बघायचो. अ‍ॅस्पिरिन बरोबर संपलेलं असायचं. अ‍ॅसिडच्या गोळ्या मात्र बऱ्याच उरायच्या.

विचारलं तर म्हणायची, "ती पित्ताची गोळी हाय. मला कुठं पित्त हाय? उगं कशाला खाऊ?"

मलाही ते फार चुकीचं वाटलं नाही. हृदयाची गोळी चुकली नाही ना, एवढंच मी बघत होतो.

शेवटच्या खेपेला अहमदपूरला ती बसमधून उतरली ती कुणाचा हात न धरता. मला आश्चर्य वाटलं. आधीच्या वर्षी ती एकेका पायरीवर थांबत होती, दोन्ही गुडघे झिजलेले. आता हॉटेलपर्यंत सरळ चालत आली. चेहरा मात्र फिकट होता. मी दादाला म्हणालो, "पाय सुधारलेत की." दादा म्हणाला, "लातूरचं पाणी." दोघंही हसलो. आईने भज्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.

नांदेडला माझी बायको तिच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी तेल लावायची. लसूण-ओवा टाकून स्वतः कढवलेलं तिळाचं तेल, वरून गरम पाण्याची पिशवी. दुखण्याच्या गोळ्यांना तिचा विरोध होता. तिच्या माहेरच्या एका म्हाताऱ्या माणसाची किडनी अशाच गोळ्यांनी गेली होती, म्हणून आमच्या घरात ती गोळी चालत नसे. आईला हे माहीत होतं. ती पाय पुढे करून बसायची आणि म्हणायची, "तुझ्या हाताला गुण हाय बाई. लई आराम पडला." बायको हे शेजारणींना सांगायची. दोघीतिघी तेल मागून घेऊन गेल्या, आणि एकीला फरकही पडला म्हणे.

पण आई थकत चालली होती. आधी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायची, ती पलंगावर बसून निवडू लागली. मग निवडायचीच बंद झाली. जिना चढताना धाप लागायची. मी हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून हृदय ठीक आहे म्हणून सांगितलं. मग बायको तिला आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. या वयात खाणं कमी होतं, त्यामुळे रक्त कमी होतं, असं ते म्हणाले. लोहाच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर पुढच्या तपासण्या करू म्हणाले. आणि जाता जाता सांगितलं, "आजी, या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. घाबरायचं नाही."

बायकोने घरी येऊन मला सांगितलं, "हे ऐकून आत्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. दोनदा विचारलं त्यांनी, काळं झालं तर चालतंय ना डॉक्टर, नक्की चालतंय ना?" आम्हाला वाटलं, म्हातारं माणूस, धीर हवा असतो. लोह सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून तिला काळं होत होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती कोणाला सांगणार होती? मुलाला अशा गोष्टी सांगायच्या नसतात. सुनेला सांगितलं तर सून विचारणार, कधीपासून? आणि उत्तर लातूरमध्ये जाणार.

लोह सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो. आंघोळ करून आई बाहेर आली, साडीचा पदर हातात धरलेला, आणि म्हणाली, "मला बसू द्या." बसायच्या आधीच कोसळली. मग उलटी झाली. चहाचा चोथा असावा तशी, काळपट, दाणेदार. तिच्या कपाळावर घाम होता आणि हात गार पडले होते. शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे रक्तदाब घेतला, वरचा आकडा ऐंशीच्या खाली. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक सहा. पोटात रक्तस्राव होतोय, शौचाला डांबरासारखं चिकट काळं होणं ही त्याचीच खूण, असं पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं. तरुण बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखण्याच्या गोळ्या घेतात का? गुडघा, कंबर, डोकं, कशासाठीही?"

मी म्हणालो, "नाही."

बायको म्हणाली, "आमच्या घरात त्या गोळ्या येतच नाहीत मॅडम. मी तेल लावते."

"अ‍ॅस्पिरिन?"

ते मी सांगितलं. किती मिलिग्रॅम, कधीपासून, किती वाजता, सगळं सांगितलं. मला वाटत होतं की माझ्याइतकी अचूक माहिती त्यांना कोणी देत नसेल.

त्या आईकडे वाकल्या. "आजी, गुडघ्यासाठी काही गोळी? मेडिकलमधून आणलेली?"

आईने मान हलवली. नाही.

दुर्बिणीने तपासलं तेव्हा जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम सापडली. तिच्यातून रक्त येत होतं. तिथे इंजेक्शन देऊन क्लिप लावली. रक्ताच्या पिशव्या सुरू झाल्या, माझ्या ऑफिसातल्या दोघांनी येऊन रक्त दिलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "जखम मोठी आहे. एवढ्याशा अ‍ॅस्पिरिननेही अशी जखम होऊ शकते, पोटातल्या जंतूंनीही होते, त्याची तपासणी पाठवली आहे. पण मला दुसऱ्या गोळीची शंका येते. ती आणखी चालू राहिली तर मी लावलेल्या क्लिपचा उपयोग नाही. नीट विचारून सांगा."

मी दादाला फोन लावला. तो निघण्याच्या गडबडीत होता. मी विचारलं, "दादा, तिकडं आईला गुडघ्याची काही गोळी होती का?"

"हो मग," दादा म्हणाला. "हाडाच्या डॉक्टरनं दिलेली. चालूच हाय की. सकाळ-संध्याकाळ. तुमच्याकडं येताना तुझ्या वहिनीनं बांधून दिल्या होत्या. का रे?"

मी घरी जाऊन आईच्या पिशव्या बघितल्या. लुगड्याच्या घडीत प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं होती. बरीच वापरलेली, थोडी उरलेली. ती घेऊन मी परत आलो. आईला तोपर्यंत थोडी हुशारी आली होती. मी पाकीट तिच्यासमोर धरलं.

तिने ते हाताने बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुझ्या वहिनीला बोलू नको."

"डॉक्टरांनी तुला विचारलं ना आई? तेव्हा तरी सांगायचं."

"ही शेजारी उभी होती की." ही म्हणजे माझी बायको. "तिचं तेल लावून घेती आन् गपचूप गोळी खाती, असं झालं असतं. आन् तिकडची म्हटली असती, मी जीव लावून दिल्या तर माझंच नाव सांगितलं." पुढे म्हणाली, "दोघी बी चांगल्या हायत रे. मला कोणाचं वाईट करायचं न्हवतं."

रक्ताची पिशवी टपटपत होती. ज्या बाईने जीव वाचवायला तोंड उघडायला हवं होतं, तिने सुनांसाठी ते बंद ठेवलं होतं. मला तिचा राग आला. तो राग कुठे ठेवावा हे मला अजूनही कळलेलं नाही.

मागचं सगळं हळूहळू कळलं. उन्हाळ्यात लातूरला तिचे गुडघे फार सुजले, तेव्हा वहिनींनी तिला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं होतं, दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का? आईने सांगितलं, बीपीची एक. हृदयाची गोळी ही नांदेडची बाब होती. ती सांगितली असती तर नांदेडच्या डॉक्टरांचं, नांदेडच्या डब्याचं, रोज फोन करून गोळी घेतली का विचारणाऱ्या धाकट्याचं सगळं निघालं असतं. शेजारी वहिनी बसलेल्या. आई टाळून गेली. वहिनींना स्टेंटचं माहीत होतं, पण गुडघ्याच्या डॉक्टरला हृदयाचं कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच दिवसांत आई उठून चालायला लागली. मग वहिनींनी तीच चिठ्ठी दाखवून गल्लीतल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्या संपल्यावर पुन्हा आणल्या. पुढे मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच द्यायला लागला.

डॉक्टर बाईंनी मला पाकिटाकडे बघून समजावलं. मी विचारलं म्हणून समजावलं, नाहीतर त्यांना वेळ नव्हता. शरीरात एक रसायन दुखणं आणि सूज निर्माण करतं, ते या गोळ्या थांबवतात. पण त्याच भावकीतलं दुसरं रसायन पोटाचं आतलं अस्तर सांभाळतं. गोळीला त्या दोघांतला फरक कळत नाही, ती दोन्ही थांबवते. अस्तर उघडं पडतं आणि पोटातलंच अ‍ॅसिड त्याला खातं. अ‍ॅस्पिरिन हेच करतं, शिवाय रक्त गोठू देत नाही. म्हणजे एका गोळीने भिंत पडते आणि दुसरीमुळे भगदाड बुजत नाही.

मी म्हणालो, "पण अ‍ॅस्पिरिनवर तर कोटिंग असतं. आणि ती सगळं जेवणानंतरच घ्यायची."

"कोटिंगने पोटात जळजळ कमी होते. जखम टळतेच असं नाही," त्या म्हणाल्या. "गोळी रक्तात गेल्यावर तिथून काम करते, मग ती भरल्या पोटी घ्या की उपाशी. म्हणून तर सकाळची ती अ‍ॅसिडची गोळी दिली होती. ती घेत होत्या ना?"

मी उरलेल्या पाकिटांबद्दल सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. मग पुढचं सांगितलं, आणि ते मला जास्त जड गेलं. "आता प्रश्न असा आहे की अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं तर रक्तस्राव पुन्हा होऊ शकतो. बंद ठेवलं तर स्टेंट बंद पडू शकतो. मी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलते. दोन्ही बाजूंनी थोडा थोडा धोका घ्यावा लागेल."

दादा-वहिनी पोहोचले. वहिनी आईजवळ गेल्या, तिच्या पायांवरून हात फिरवला. मग बाहेर आल्या आणि माझ्या बायकोने व्हरांड्यातच विचारलं, "अक्का, पाच दिवसांच्या गोळ्या तुम्ही पाच महिने दिल्या?"

वहिनी म्हणाल्या, "दिल्या. बाजारापर्यंत चालत होत्या त्या. बाया विचारायच्या, कुणाचा इलाज केला. तू काय दिलंस? तेल?"

"तेलानं रक्त तर नाही आलं."

"तेलानं गुण बी नाही आला. माझ्या गोळ्यांवर चालत होत्या आन् तू शेजारणींना बाटल्या वाटत होतीस!"

"गप बसा दोघी," दादा म्हणाला. "आत ऐकू जातंय."

आत ऐकू गेलंच होतं. आम्ही चौघं पलंगाभोवती उभे राहिलो तेव्हा आई छताकडे बघत म्हणाली, "तिची गोळी बी चांगली हुती. हिचं तेल बी चांगलं हाय. माझंच पोट खराब निघालं." ती हसायचा प्रयत्न करत होती. आमच्यातलं कोणी हसलं नाही. वहिनी दुसऱ्या दिवशी कुणाशी न बोलता लातूरला परत गेल्या, दादा राहिला.

दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. जंतूंची तपासणी निर्दोष आली. रक्त थांबल्याची खात्री झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अ‍ॅस्पिरिन पुन्हा सुरू केलं, सोबत अ‍ॅसिडची गोळी, आणि गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल, तेही मोजून. आई घरी आली. हिमोग्लोबिन नऊपर्यंत चढलं. मी आता दोन्ही गोळ्या स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर ठेवत होतो.

पण पाय परत जुन्यासारखे झाले. पॅरासिटामॉलने फार फरक पडत नव्हता. ती भिंत धरून चालायची, मग वॉकर, मग मोरीपर्यंत जायलाही माणूस लागायला लागलं. थंडीत जास्तच. एकदा तिला उठवताना मी विचारलं, "लई दुखतंय का?" ती म्हणाली, "त्या गोळ्या लई ग्वाड हुत्या बघ." तक्रार नव्हती. खाल्लेल्या एखाद्या पदार्थाची आठवण काढावी तसं ती बोलली. तिला चालायचं होतं. पाच महिने ती चालली होती, एकटी, भाजी आणायला, विहारात जायला, आणि त्या चालण्याची किंमत तिला माहीत नव्हती. कुणी सांगितली असती तर तिने काय निवडलं असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

वहिनींचा फोन येत नव्हता. आई रोज विचारायची, "लातूरचा फोन?" दादा करायचा. तो आईला द्यायचो. "ती कुठं गेली?" आई विचारायची. दादा काहीतरी सांगायचा, दळण, पाहुणे. आई म्हणायची, "जयंती झाली की येतीच हाय मी, सांग तिला. माझी खोली झाडून ठेव म्हणावं."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी, जेवण झाल्यावर, ती पडल्या पडल्या गेली. बायको ताट उचलून परत आली तर डोळे उघडे होते. हृदय थांबलं. मी पोटाच्या डॉक्टर बाईंना भेटून विचारलं की यात रक्तस्रावाचा वाटा किती. त्या म्हणाल्या, आधीच अशक्त हृदय, वर एवढं रक्त गेलेलं, मध्ये अ‍ॅस्पिरिनला खंड, वय चौऱ्याहत्तर. "आकड्यात नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. मला आकडाच हवा होता. तो कुठेच नाही, हे स्वीकारायला मला वेळ लागला.

आईच्या जलदान विधीला लातूरची सगळी मंडळी आली. भन्तेजींची वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. घरात आम्ही चौघंच उरलो. दादा गच्चीवर मंडपवाल्याशी बोलत होता. माझी बायको भांडी आत नेत होती. ती आणि वहिनी दोन दिवस एकाच घरात होत्या आणि एकमेकींशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. मी सतरंजीवर बसलो होतो. वहिनी समोर येऊन बसल्या.

"भाऊजी, एक विचारते. खरं सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई म्हणून तुम्हाला विचारते. आत्या माझ्या गोळ्यांनी गेल्या का?"

नाही म्हणायला दोनच अक्षरं लागली असती. मी म्हणालो, "वहिनी, तुमची एकटी गोळी असती तर कदाचित काही झालं नसतं. आमची एकटी असती तरी कदाचित झालं नसतं. दोन्ही एका पोटात गेल्या. आणि पोट सांभाळणारी तिसरी तिनं घेतली नाही. त्यात वय. रक्त त्यानं गेलं. पुढं हृदय कशानं थांबलं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही."

त्या ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"म्हणजे हाय माझी बी," त्या म्हणाल्या.

"आहे. आमची पण आहे."

"न्हाई म्हटला असता तरी चाललं असतं भाऊजी."

त्यांनी कमरेची पर्स काढली, उघडली आणि त्यातून गोळ्यांचं एक पाकीट काढून सतरंजीवर ठेवलं. तसंच पाकीट, तोच रंग. अर्धं वापरलेलं.

"आम्ही दोघी मिळूनच घ्यायचो," त्या म्हणाल्या. "त्या गुडघ्याला, मी कंबरेला. सकाळी चहानंतर एक त्यांना, एक मला. त्या म्हणायच्या, तुझी कंबर आन् माझे गुडघे एका वयाचे झाले. त्यांना इकडं पाठवल्यावर मी एकटीच घ्यायला लागले. आत्यांचं कळल्यावर थोडे दिवस बंद केल्या. पण भाकरी थापायला वाकता येईना. आज सकाळी बी घेतली." मग हळूच विचारलं, "मला बी व्हईल का?"

मी वय विचारलं, बावन्न. बीपी आहे का, आहे. रक्त पातळ करायची गोळी? नाही. जळजळ होते का, तर म्हणाल्या, ती तर कधीची आहे, छातीखाली, रात्री उठून दूध पिते. मी पुढचा प्रश्न मनात तयार केला, पण तो तोंडातून निघेना. मोठी भावजय, आणि मी दीर. तीस वर्षांत आम्ही एकमेकांशी असल्या विषयावर अक्षर बोललो नव्हतो.

माझी बायको दारात उभी होती. हातात ओलं पातेलं. ती किती वेळ ऐकत होती, माहीत नाही. तिने पातेलं जमिनीवर ठेवलं, वहिनींच्या समोर येऊन मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अक्का, संडासला काळं होतंय का?"

वहिनींनी झटकन माझ्याकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढला.

"काय विचारती गं भाऊजीसमोर."

"त्यांचं सोडा. होतंय का, ते सांगा. कधीपासून होतंय? चिकट होतं का, डांबरासारखं?"

मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. गच्चीवरून बांबू सोडत असल्याचा आवाज येत होता. आत वहिनी काहीतरी अगदी हळू बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मग माझी बायको मोठ्याने म्हणाली, "उद्या सकाळी मॅडमकडं. मी येते सोबत. लातूरला परवा जा." आणि त्यानंतर दोघींपैकी एकीचं रडणं ऐकू आलं. कोणाचं ते बाहेरून कळत नव्हतं.

सकाळी त्या दोघी रिक्षाने गेल्या. दादा आणि मी मागे राहिलो. आईच्या पलंगावरची गादी उचलून आम्ही उन्हात टाकली आणि त्यांच्या फोनची वाट बघत बसलो.